रिचर्ड स्प्रूस : सिंकोनाच्या पलीकडचा माणूस

रिचर्ड स्प्रूस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाची ओळख करून देताना बहुतेक ठिकाणी एकच वाक्य येतं : याने सिंकोनाची झाडं भारतात पोचवली. वाक्य खोटं नाही. पण ज्या माणसाने अख्खं आयुष्य मॉस आणि लिव्हरवर्ट या ओल्या जागी वाढणाऱ्या, फुलं न येणाऱ्या चिमुकल्या वनस्पती पाहण्यात घालवलं, त्याची किंमत एका औषधी झाडावर ठरवणं मला अजिबात पटत नाही. गेली अनेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

जन्म 1817 चा, यॉर्कशायरमधल्या गँथॉर्प नावाच्या खेड्यातला. वडील शाळामास्तर. सोळाव्या वर्षी या मुलाने गावाच्या आसपासच्या 403 वनस्पतींची यादी स्वतःच्या हाताने लिहून काढली होती. पुढे तोही यॉर्कच्या एका शाळेत गणित शिकवू लागला. तब्येत पहिल्यापासून नाजूक, मास्तरकीत जीव रमत नव्हता. ती शाळा बंद झाली आणि तो पिरेनीज पर्वतात गेला. तिथून आला तो 386 मॉस आणि 92 लिव्हरवर्टची नोंद घेऊन. त्याच्या आधी दुसऱ्याने केलेल्या तिथल्या यादीत लिव्हरवर्ट होते फक्त 13! डोंगर तोच होता. इतक्या खाली वाकून बघणारा माणूस त्याला मिळाला नव्हता.

1849 मध्ये तो ॲमेझॉनच्या मुखाशी उतरला आणि पुढची पंधरा वर्षं दक्षिण अमेरिकेतच राहिला. पगार कुणाचाच नव्हता. तो झाडं गोळा करायचा, दमट हवेत आणि मुंग्यांच्या राज्यात कागदांमध्ये दाबून वाळवायचा आणि पेट्या इंग्लंडला धाडायचा. तिकडे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथम नमुने लावून त्यांचे संच वर्गणीदारांना वाटायचा, आणि त्या पैशावर स्प्रूसची पुढची होडी निघायची. रिओ नेग्रो, कासिकियारे, ओरिनोको, मग पेरूतलं तारापोतो, मग इक्वेडोर. वाटेत त्याने ॲमेझॉनच्या 21 भाषांचे शब्द टिपून ठेवले. 1852 मध्ये वाउपेस नदीकाठी तिथले लोक विधीत जे पेय पितात त्याची वेल शोधून तिचं शास्त्रीय वर्णन केलं. आज जगभर आयावास्का या पेयाच्या नावाने चाललेल्या चर्चेच्या मुळाशी हीच वेल आहे. रबराचा चीक कसा काढतात हेही त्याने लिहून ठेवलं. रबराच्या कुळातल्या एका झाडाला, हेविया स्प्रूसियाना, त्याचं नाव आहे.

1854 मध्ये ओरिनोकोच्या बाजूला त्याला असा ताप आला की जगण्याची आशा उरली नव्हती. शुश्रूषेला ठेवलेली बाईच त्याच्या मरणाची वाट बघत होती. त्यातून तो वाचला. तीनेक वर्षांनी पेरूतून इक्वेडोरकडे जाताना कानेलोसच्या जंगलात तो पावसाने आणि चढलेल्या नद्यांनी अडकून पडला, बरोबरचे लोक कुरकुरायला लागले. त्या दिवसांबद्दल तो लिहितो की एखादं साधं मॉस न्याहाळताना सगळी दुःखं तेवढ्यापुरती विसरायला झाली, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगतो, आणि दरवर्षी सांगताना माझा आवाज जड होतो.

आता सिंकोना. 1857 नंतर भारतात ब्रिटिश फौज वाढली होती आणि हिवतापाने माणसं मरत होती. त्यावरचं औषध क्विनाइन सिंकोनाच्या सालीतून निघतं, आणि ही साल अँडीजमधून यायची, तिथेही सालीसाठी झाडं सपासप तोडली जात होती. सिंकोना भारतात आणण्याच्या क्लेमंट्स मार्कम यांच्या ब्रिटिश मोहिमेत लाल सालीच्या सिंकोनाचं काम 1859 मध्ये स्प्रूसकडे आलं. 1860 च्या एप्रिलमध्ये त्याची पाठ आणि पाय अचानक लुळे पडले. चालणंही मुश्किल, त्यात इक्वेडोरमध्ये यादवी युद्ध पेटलेलं. तशा अवस्थेत तो चिंबोरासोच्या पश्चिम उतारावर लिमोनला जाऊन राहिला. त्याने सुमारे एक लाख बिया गोळा करून वाळवल्या, आणि मदतीला आलेल्या रॉबर्ट क्रॉस या माळ्याने रोपं वाढवली. रोपांच्या काचपेट्या तराफ्यावर चढवून ग्वायाकीलला आणल्या. तिथून 1861 च्या जानेवारीत 637 रोपं बोटीने निघाली आणि निलगिरीत विल्यम मॅकआयव्हर यांच्या देखरेखीखालच्या सरकारी बागेत सिंकोना रुजला.

याला चोरी म्हणायची का, असं विद्यार्थी हल्ली विचारतात, आणि विचारायलाच हवं. स्प्रूसने जमीनमालकांना 400 डॉलर मोजून परवानगी घेतली होती. इक्वेडोरने निर्यातीवर बंदी घातली ती नंतर, 1861 च्या मे महिन्यात. म्हणून त्याला चोर म्हणणं मला मान्य नाही. पण पैसे जमीनदारांना मिळाले. ज्यांना ही साल पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती त्यांच्या हाती काय लागलं? आणि औषध हवं होतं ते आधी साम्राज्याच्या शिपायांसाठी, मग आपल्या लोकांसाठी. आपल्या आजी-आजोबांनी कोयनेल घेऊन ताप उतरवला, हे खरं असलं तरी हा हिशेब पुसला जात नाही. शिवाय लाल सालीत क्विनाइन कमीच निघालं. बाजार जिंकला तो जावा बेटावर डचांनी लावलेल्या दुसऱ्या जातीने.

स्प्रूसला काय मिळालं? ग्वायाकीलची पेढी बुडाली आणि त्याची सगळी पुंजी गेली. 1864 मध्ये मोडलेलं शरीर घेऊन तो परतला. सरकारने वर्षाला 50 पौंड पेन्शन लावली. भारत सरकारकडून आणखी 50 पौंड मिळवायला मार्कम यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, ते मंजूर झाले 1877 मध्ये. मला याचा आजही संताप येतो.

आणि तरीही, यॉर्कशायरच्या एका छोट्या घरात, सरळ बसता येत नसताना, सूक्ष्मदर्शकावर थोडा थोडा वेळ काम करत त्याने ॲमेझॉन आणि अँडीजमधल्या लिव्हरवर्टवरचा महाग्रंथ 1884-85 मध्ये पूर्ण केला. सुमारे 700 जाती! एका पत्रात तो म्हणतो की या वनस्पतींपासून माणसाला ना नशा मिळते, ना औषध, ना अन्न. पण त्या स्वतःसाठी उपयोगी आहेत, स्वतःत सुंदर आहेत, आणि जगायला एवढं कारण पुरेसं आहे. 1893 च्या डिसेंबरात तो गेला.

सिंकोना भारतात आणणाऱ्याचा हा विचार आहे, म्हणून तो मला इतका मोलाचा वाटतो. जुलैमध्ये सह्याद्रीतल्या घाटाच्या ओल्या भिंतीवर रिक्सिया आणि मार्केन्शिया हे लिव्हरवर्ट पसरलेले असतात. मुलं त्यांना "शेवाळ" म्हणून पुढे जातात, आणि संशोधनाला पैसे मागायला गेलं की समोरचा विचारतो, "याचा उपयोग काय?" ब्रायोफायटा, म्हणजे मॉस-लिव्हरवर्टचा गट, शिकवणाऱ्या सगळ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे : पहिल्या तासाला स्प्रूस सांगा, आणि मग हातात भिंग देऊन मुलांना बाहेर न्या.

एक मदतही हवी आहे. 1860 च्या दशकात सरकारने महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सिंकोना लावून पाहिला होता, तो टिकला नाही. त्या लागवडीबद्दल कुणाच्या घरी जुने कागद, नकाशे किंवा ऐकीव आठवणी असतील तर कृपया मला कळवा.