तिसऱ्या डाउनला चहा टाका

आयोवात राहायला आलात? अभिनंदन. मका उंच आहे, माणसं सरळ आहेत, थंडीचं नंतर बघू. पण ऑगस्ट संपत आला की ऑफिसात, किराणा दुकानात, अगदी डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड वासून पडलेले असतानाही एक प्रश्न तुमच्या कानावर येणार: यंदा ऑफेन्स बदलेल का?

ऑफेन्स म्हणजे चेंडू पुढे नेऊन गुण करणारी फळी, आयोवा विद्यापीठाच्या हॉकाइज या अमेरिकन फुटबॉल संघाची. तुम्ही नवखे, तुम्हाला वाटेल या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. नसतं. "काय, पाऊस कसाय तुमच्याकडे?" असं कोणी विचारलं तर आपण मिलिमीटर सांगतो का? मान डोलवायची, "बघू या" म्हणायचं आणि कांद्यांकडे वळायचं.

खेळ तसा सोपा आहे. चेंडू हातात आला की दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. एकेका संधीला डाउन म्हणतात. तीन डाउनमध्ये जमलं नाही की चौथ्याला चेंडू लाथेने दूर भिरकावून समोरच्याच्या हवाली करतात. हा पंट. बाकीच्या अमेरिकेत पंट म्हणजे नाइलाज. आमच्याकडे तो बेत असतो. विचार असा की चेंडू समोरच्याच्या पाच यार्डांच्या रेषेजवळ नेऊन टाकला की त्याला ९५ यार्ड चालून यायचंय. आमचा डिफेन्स, म्हणजे अडवणारी फळी, त्याला येऊ देत नाही, तो वैतागून चेंडू परत करतो आणि आपण पुन्हा तीन प्रयत्न करून मोकळे. कधीतरी समोरचा चुकतो. ती चूक होईपर्यंत बसून राहण्याला इथे रणनीती म्हणतात.

म्हणून सल्ला क्रमांक एक. तिसऱ्या डाउनला उठा आणि चहाचं आधण ठेवा. पंट, जाहिराती, समोरच्याचे तीन डाउन, त्याचा पंट, पुन्हा जाहिराती, एवढ्यात चहा गाळून होतो. आलं किसायलाही वेळ मिळतो. बरीच वर्षं आमच्या घरी हा हिशेब चुकला नव्हता.

३ सप्टेंबर २०२२ ची गोष्ट सांगतो. हंगामाचा पहिला सामना, समोर साउथ डकोटा स्टेट, म्हणजे खालच्या विभागातला संघ. आयोवा ७–३ ने जिंकली. पुण्याहून मेव्हण्याचा मेसेज आला, "चला, एक टचडाउन तरी झालं!" त्याचा तर्क बरोबर होता. चेंडू समोरच्याच्या गोलच्या हद्दीत नेला की टचडाउन, त्याचे सहा आणि वरच्या किकचा एक, म्हणजे सात. पण आमचे सात तसे नव्हते. एक फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारायचा, त्याचे तीन. मग डिफेन्सने समोरच्याला त्याच्याच गोलच्या हद्दीत दोनदा आडवं केलं. याला सेफ्टी म्हणतात, एकीचे दोन गुण. तीन, दोन, दोन. सातपैकी चार गुण चेंडू हातात नसताना मिळवलेले. मेव्हण्याला हे फोनवर समजावताना माझा चहा गार झाला. तेव्हा भारतातल्या नातेवाइकांना फक्त "जिंकलो" एवढंच कळवा. तपशिलात शिरू नका.

सल्ला क्रमांक दोन, घरातल्या भानगडीत पडू नका. कर्क फेरेन्ट्झ १९९९ च्या हंगामापासून मुख्य प्रशिक्षक आहेत. म्हणजे अख्खी एक पिढी जन्मली, शिकली, कर्ज काढून घर घेती झाली, आणि हे गृहस्थ त्याच बाजूला उभे राहून तेच च्युइंगगम चघळताहेत. करार २०२९ पर्यंतचा. २०१७ मध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्सचे डावपेच आखणारे, म्हणून नेमले गेले ब्रायन फेरेन्ट्झ. हो, चिरंजीव. नातेवाइकाने नातेवाइकाचा वरिष्ठ असू नये असा विद्यापीठाचा नियम, म्हणून कागदोपत्री मुलाचे वरिष्ठ वडील नव्हेत, तर क्रीडा संचालक. थोडक्यात, मीठ मागायचं बाबांकडे आणि रजा मागायची साहेबांकडे.

तुमच्या जिभेच्या टोकावर 'घराणेशाही' हा शब्द आलाय, मला दिसतंय. गिळा. आपण महाराष्ट्रातून आलोय. या विषयावर तोंड उघडायचा हक्क आपण मतपेटीत टाकून आलोय.

आता वही काढा. २०२२ च्या हंगामात ऑफेन्स देशात तळापासून दुसरा आला. कोणालाही काढलं नाही. त्याऐवजी फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलाच्या करारात दुरुस्ती झाली. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाख, आणि अट अशी की संघाने सामन्यामागे सरासरी २५ गुण करायचे नि किमान सात सामने जिंकायचे. या २५ गुणांत डिफेन्सने केलेले गुणही धरायचे होते. पोराचा पेपर ताईने सोडवला तरी मार्क पोरालाच, असं शाळेने लेखी द्यावं तसं. तेरा सामने धरले, गुणिले पंचवीस, ३२५. त्या वर्षी सबंध राज्याचं पाढ्यांचं ज्ञान सुधारलं. शेजारचे आजोबा, जन्मभर मका नि सोयाबीन केलेले, फ्रिजवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबासारखे आकडे मांडत. पहिला सामना, २४. "एक कमी," आजोबा म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले. दुसरा, २०. तिसरा, ४१! त्या शनिवारी आजोबांनी दुसरी बिअर उघडली. चौथा, पेन स्टेटशी, ०. इथे त्यांनी पेन्सिल मलाच दिली.

आठ सामन्यांत झाले १५६, सरासरी साडेएकोणीस. आठवा सामना मिनेसोटाशी. शेवटच्या मिनिटांत आमच्या कूपर डीजीनने पंट पकडून पळत जाऊन टचडाउन केला. विजय, जल्लोष, अनोळखी माणसं गळ्यात गळे घालताहेत. मग पंचांनी पडद्यावर पुन्हा बघितलं आणि ठरवलं की चेंडूकडे येताना त्याने डावा हात हलवला, तो नियमात बसत नाही. टचडाउन रद्द, १०–१२ ने हार. तुम्ही नवखे, तेव्हा एवढंच लक्षात ठेवा, आयोवात हात हलवायचा तो पहिला क्वार्टर संपल्यावर. तेव्हा किनिक स्टेडियममधली जवळजवळ ७० हजार माणसं, पंच आणि पाहुणा संघसुद्धा, पाठीमागच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळतात आणि वरच्या खिडक्यांतल्या आजारी पोरांना हात करतात. पोरं वरून हात करतात. याची थट्टा मला जमत नाही. पुढे जाऊ.

त्यानंतर नऊ दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, तात्पुरत्या क्रीडा संचालक बेथ गोएट्झ यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी ब्रायन नसतील. संघ तेव्हा आठपैकी सहा सामने जिंकलेला होता. जिंकणाऱ्या संघाच्या कोऑर्डिनेटरला हंगामाच्या मध्यात निरोप आणि तरी हंगाम संपेपर्यंत कामावर, हे फक्त आमच्याकडे. काढलेली सून पाडव्याचं गोडधोड करूनच माहेरी जाते तसं. अखेर चौदा सामन्यांत गुण झाले २१६, सरासरी १५.४. शेवटचे दोन सामने २६–० आणि ३५–० असे गेले, शून्य अर्थात आमचं. ऑफेन्स देशात सर्वांत शेवटचा. आणि विजय? दहा.

सल्ला क्रमांक तीन, हिरो नीट निवडा. पोराला क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, शर्ट घेऊ नका, हंगाम संपेपर्यंत त्यावरचं नाव बदललेलं असतं. पंटरचा घ्या. टोरी टेलर नावाचा मेलबर्नचा गडी, लाथ मारून पोट भरायला इतक्या लांब आला. २०२३ मध्ये त्याने पंटचे ४,४७९ यार्ड मारून १९३८ पासूनचा विक्रम मोडला. आमच्या सगळ्या ऑफेन्सने मिळून वर्षभरात तेवढं अंतर कापलं नव्हतं. 'पंटिंग इज विनिंग' लिहिलेले टीशर्ट खपले. पंट उडाला की लोक उभे राहून टाळ्या वाजवत. चेंडू समोरच्याच्या चार यार्डांच्या रेषेवर टप्पा खाऊन थबकला की माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई डोळे मिटून घेत, एखाद्या मैफलीत सम साधल्यावर घेतात तसे. पुढे शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने खेळाडू निवडताना त्याला चौथ्या फेरीत उचललं. क्वार्टरबॅक कोण होता, हे विचारू नका.

जाता जाता साहित्यप्रेमींसाठी. आयोवा सिटीत १९६७ पासून जगभरच्या लेखकांना बोलावून लिहायला बसवतात. मीही कधीतरी लिहीन म्हणून इथल्या कॉफीच्या दुकानांत बसून पाहिलं. पण माझ्यावर संस्कार झाला तो शनिवारचा. धाव, धाव, हुकलेला पास, पंट. माझ्या परिच्छेदांची रचना अजून तशीच आहे.

तुम्ही सट्टेबाज असाल तर नेब्रास्काशी होणारा सामना टाळा. २०२३ मध्ये दोन्ही संघांचे मिळून गुण किती होतील यावरचा भाव पंचविशीच्या आसपास आला होता. एवढा खाली तो कधी कोणी पाहिला नव्हता. लोक म्हणाले, याहून कमी कसं होईल? झालं. १३–१०.

आता खरा धोका. कधीकधी ऑफेन्स खरंच बदलतो.

२०२४ मध्ये टिम लेस्टर आले. १९९९ पासूनचे हे चौथे कोऑर्डिनेटर. आधी केन ओ'कीफ, मग ग्रेग डेव्हिस, मग चिरंजीव. मुख्य प्रशिक्षक अर्थातच तेच, त्यामुळे आम्ही 'आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' म्हणत निवांत होतो. पहिलाच सामना ४०–०. पुढे केलेब जॉन्सनने हंगामात १,५३७ यार्ड धावून २१ टचडाउन केले. एका शनिवारी सवयीने तिसऱ्या डाउनला आधण ठेवलं, दूध घातलं, आणि हॉलमधून आरडाओरडा आला म्हणून धावत गेलो. गडी एकटाच पळत सुटलेला, मागे कोणी नाही. परत आलो तोवर सगळं शेगडीवर उतू गेलेलं. बायको म्हणाली, "यांना काढा म्हणून तूच ओरडत होतास ना?" काचेची शेगडी होती. करपलेलं दूध ब्लेडने खरवडावं लागतं.

तेरा सामन्यांत ३६० गुण, सरासरी २७.७. मुलाच्या करारातल्या ३२५ ची अट नव्या माणसाने कोणी न सांगता पुरी केली. आणि विजय? आठ. पंधरा गुणांत दहा विजय, अठ्ठावीस गुणांत आठ. आजोबांनी हा हिशेब कॅलेंडरवर तीनदा तपासला. त्या हिवाळ्यात लोक जरा भांबावलेले दिसत होते. वर्षानुवर्षं जपलेली तक्रार हातातून गेली की माणसाचं तसंच होतं. सुदैवाने पासिंग अजून सुमार होतं, त्यावर कशीबशी थंडी निघाली. आणि नेब्रास्काशी सामना? १३–१०. बदल करावा, पण घरातली देवपूजा मोडू नये.

२०२५ साठी क्वार्टरबॅक आणला मार्क ग्रोनोव्हस्की. कुठून? साउथ डकोटा स्टेटमधून. त्या ७–३ च्या दुपारी ज्याला आम्ही तीन गुणांवर अडवलं होतं, तोच. हाताशी आलेला क्वार्टरबॅक घडवत बसण्यापेक्षा आपणच छळलेला घ्यावा, आमचा डिफेन्स त्याला निदान ओळखीचा असतो.

मागच्या आठवड्यात दाढेसाठी गेलो होतो. डॉक्टरांनी तोंडात कापसाचे बोळे कोंबले, दिवा खाली ओढला आणि विचारलं, "काय वाटतं, यंदा ऑफेन्स बदलेल?"

"आँ," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले आणि ड्रिल सुरू केलं.