मदत कुठल्या चर्चची, हे विचारायची वेळच येऊ नये

महाराष्ट्रात धर्मांतरबंदी कायद्याची चर्चा सुरू झाल्यापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो, की मदत करायला कुणाची ना नाही पण ती चर्चच्या नावाने कशाला. लिहिणारे माझे नगरचे मित्रच आहेत, त्यांच्या घरी मी लहानपणापासून जेवलोय, त्यामुळे राग येत नाही पण वाईट वाटतं. याच नगरमध्ये (आता अहिल्यानगर) साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं बूथ हॉस्पिटल आहे, 2020 ला कोविडमध्ये शहरातली कितीतरी माणसं तिथे ऍडमिट होती आणि तेव्हा हे हॉस्पिटल कुठल्या चर्चचं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नसेल. तरी मित्रांचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. त्याला एक उत्तर आहे असं मला वाटतं आणि ते मला इथे लिव्हरपूलमध्ये राहून सुचलंय.

लिव्हरपूल म्हटलं की आपल्याकडे बीटल्स आणि फुटबॉल. पण हे शहर कित्येक वर्षं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा भांडणात विभागलेलं होतं, वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, लग्न तर नाहीच. 1975 ला डेव्हिड शेपर्ड इथे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, बिशप म्हणून आले. क्रिकेटवाल्यांना नाव माहीत असेल, 1952 ला ओव्हलवर भारताविरुद्ध 119 करणारा हाच तो शेपर्ड, 22 टेस्ट खेळला, इंग्लंडचा कॅप्टनही होता, आणि 1960 ला वर्णभेदाचा निषेध म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या टीमविरुद्ध खेळायला त्याने नकार दिला. शेपर्ड लिव्हरपूलला आले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1976 ला, डेरेक वॉरलॉक कॅथलिक आर्चबिशप म्हणून आले आणि दोघांनी ठरवून टाकलं की जे करायचं ते जोडीने, मेथडिस्ट-बॅप्टिस्ट वगैरे फ्री चर्चवाल्यांना बरोबर घेऊन.

काळ फार वाईट होता. गोदीतली कामं गेलेली, कारखाने बंद पडत होते, 1981 ला इथल्या टॉक्स्टेथ या वस्तीत दंगल पेटली आणि लंडनमध्ये सरकारातलेच काही लोक म्हणत होते की या शहरावर पैसा घालवण्यात अर्थ नाही. या दोघांनी बेकारीवर, घरांवर, काळ्या लोकांशी पोलीस कसे वागतात यावर तोंड उघडलं, तेही एकत्र. लोक त्यांना ‘फिश अँड चिप्स’ म्हणायचे, कारण कायम जोडीने आणि कायम पेपरात (मासे आणि बटाट्याचा हा पदार्थ इथे पूर्वी जुन्या पेपरात गुंडाळून मिळायचा). हे सगळं सहज झालं असं नाही हं, 1982 ला पोप येणार म्हणून कँटरबरीच्या आर्चबिशपना, म्हणजे अँग्लिकन चर्चच्या प्रमुखांना, इथल्याच एका चर्चमध्ये कट्टर प्रोटेस्टंट लोकांनी आरडाओरडा करून बोलू दिलं नव्हतं. आणि तरी त्याच वर्षी मे महिन्यात पोप जॉन पॉल अँग्लिकन कॅथेड्रलमध्येही गेले आणि कॅथलिक कॅथेड्रलमध्येही, दोन्ही होप स्ट्रीटच्या दोन टोकांना आहेत. त्या रस्त्यावर आता या दोघा बिशपांचं स्मारक आहे.

त्याचा आजचा परिणाम बघायचा तर मायका लिव्हरपूल नावाची संस्था बघा, दोन्ही कॅथेड्रल आणि सेंट ब्राइड्स चर्च यांनी मिळून काढलेली, फूड बँक चालवते, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देते. अशा फूड बँका इथे गावोगाव आहेत, बहुतेक चर्चच्या हॉलमध्ये, आमच्या भागातल्या एका ठिकाणी मी जातो. एक रिटायर्ड कॅथलिक नर्सबाई आणि एक मेथडिस्ट आजोबा टेबलावर डब्यांच्या तारखा बघून क्रेट लावत असतात, टोमॅटो वेगळे, बीन्स वेगळे, लवकर संपणारे पुढे. मध्यंतरी एक माणूस पास्त्याची पाकिटं परत देत होता. नर्सबाईंनी हळूच विचारलं तर कळलं की घरी गॅसच्या मीटरमध्ये (इथे काही घरांत आधी पैसे भरायचे मीटर असतात) पैसे संपलेत, शिजवणार कशावर. मग त्याला केटलचं पॅकेट दिलं, म्हणजे नुसतं गरम पाणी घालून होईल असं सगळं, कप नूडल्स, बटाट्याची पावडर, टीबॅग, टिकाऊ दूध, आणि मीटरच्या पैशांसाठी कुठे अर्ज करायचा ते आजोबांनी बसून भरून दिलं. तुझा धर्म कुठला, रविवारी कुठे जातोस, असं त्याला कुणी विचारलं नाही. विचारून फायदा कुणाला होणार? तीन-चार चर्चेसचं मिळून काम आहे, त्यामुळे तो माणूस उद्या कुणाच्याच यादीत जमा होत नाही.

मला मुद्दा हाच सांगायचाय. काम एकाच चर्चचं असतं तेव्हा मदत घेणाऱ्यालाही वाटू शकतं आणि बघणाऱ्यालाही, की यांना आपली संख्या वाढवायचीय. चार पंथ एकत्र आले, एक पेटी, एक हिशोब, तर तो संशय उभा राहायला जागाच फारशी उरत नाही. आणि दुसरं म्हणजे एकत्र असलं की डबे वाटून झाल्यावर ‘ही वेळ आलीच का’ हेही विचारता येतं. ट्रसेल या फूड बँकांच्या सगळ्यात मोठ्या संस्थेने 2023-24 मध्ये 31 लाखांहून जास्त पार्सलं दिली, एवढ्या श्रीमंत देशात. तिसऱ्या मुलापासून सरकारी मदत बंद करणारा 2017 चा नियम होता, त्याच्या विरोधात इथले वेगवेगळ्या पंथांचे लोक वर्षानुवर्षं बोलत राहिले, बाकीच्या संस्थाही होत्याच, आणि 2025 च्या नोव्हेंबरात सरकारने तो काढायचं जाहीर केलं.

आता कुणी म्हणेल तिकडे सोपं आहे. खरंय. इथे चर्च ऑफ इंग्लंडचे 26 बिशप संसदेच्या वरच्या सभागृहात बसतात, आपल्याकडे एखाद्या पास्टरने गरिबाला पांघरूण दिलं तरी त्याला धर्मांतराचं आमिष म्हणायची सोय होतेय, उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात तर भेटवस्तू आणि धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणसुद्धा आमिषात धरलंय. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) 2020 ला झालेल्या बदलानंतर परदेशी मदत एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणंच बंद झालं, म्हणजे मोठ्या संस्थेने गावातल्या छोट्या संस्थेला हात द्यायचा रस्ता गेला. अशा वेळी चर्चेस आपापल्या कंपाउंडमध्ये गप्प बसतात. मला ते समजतं, पण पटत नाही.

कारण एकत्र यायचं आपण इंग्लंडकडून शिकावं अशी परिस्थितीच नाही. 1970 ला नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट असे वेगवेगळे पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये अँग्लिकन-मेथडिस्ट एक व्हायचा प्रस्ताव पडला. फाळणीच्या निर्वासितांसाठी 1947 मध्ये सुरू झालेली कासा ही संस्था अनेक चर्चेसची मिळून आहे. दलित ख्रिस्ती लोकांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचे हक्क मिळत नाहीत, त्यासाठी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघे मिळून 10 ऑगस्टला काळा दिवस पाळतात. (त्याच दिवशी आपल्या ख्रिस्ती लोकांनी हेही बोलावं की लग्न जमवताना आपण अजून जात बघतो.) आणि वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो बिल्डर-गुंडगिरीविरुद्ध उभे राहिले तेव्हा हरित वसई या चळवळीच्या मोर्चात सगळ्या धर्मांचे लोक होते, तिथे कुणी धर्मांतराचा संशय घेतला नाही कारण पाणी आणि जमीन सगळ्यांचीच होती.

म्हणजे दिल्ली-नागपूरच्या पातळीवर जमतं, मोर्चात जमतं, आणि रोजच्या कामात तालुक्याला जमत नाही. नाताळचा एकत्र कार्यक्रम करायला सगळे पास्टर आणि फादर एका स्टेजवर येतात, मग तीच कमिटी उन्हाळ्यात टँकरसाठी, शाळेच्या फीसाठी, रेशन कार्ड काढून द्यायला का चालू राहू नये? त्यात गणेश मंडळाची पोरं घ्या, मशिदीतले कुणी येत असतील तर त्यांना घ्या, हिशोब दर महिन्याला चर्चच्या दारावर लावा, कुणालाही वाचता येईल असा.

मित्रांनो, तुम्हीही या कमिटीत या, बाहेरून प्रश्न विचारण्यापेक्षा आत बसून वही तपासा, मला खरंच आवडेल. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यामुळे माझ्या पगारातून बँकेने पाठवलेले पैसे कायद्याने परदेशी मदत ठरत नाहीत. एकट्यादुकट्या चर्चला मी यापुढे देणार नाही, पण नगरमध्ये अशी कमिटी उभी राहिली तर तिच्या खात्यात पहिले पैसे माझे असतील.