मुलगे नसले की मुली शिकतात?

सोलापुरात शाळाप्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. मुलीला मुलींच्याच शाळेत घाला, असं त्यात बजावलेलं असतं. तिथे मार्क वाढतात हे म्हणे विज्ञानाने सिद्ध झालंय, मुलामुलींचे मेंदूच वेगळे असतात, आणि मुली तिथेच सुरक्षित राहतात. वर शेवटची ओळ अशी, की तशी शाळा जवळ नसेल तर मुलीला पाठवण्याआधी दहादा विचार करा. या ओळीमुळेच हे लिहायला घेतलं.

आधी मार्कांचं. २०१४ साली २१ देशांतले १८४ अभ्यास, म्हणजे सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती, एकत्र तपासली गेली. मुलं मुळात कशी होती, याचा हिशेब नीट धरलेल्या अभ्यासांत मुलामुलींच्या वेगळ्या शाळा आणि एकत्र शाळा यांतला फरक नगण्य निघाला. मुलींच्या नावाजलेल्या शाळांचे निकाल चांगले लागतात, पण तिथल्या बऱ्याच मुलींच्या घरी आधीच पुस्तकं, क्लासची फी आणि शिकलेली आई असते. उलट पुरावाही आहे, तो झाकायचा नाही. दक्षिण कोरियात सोल शहरात शाळा चिठ्ठी टाकल्यासारखी वाट्याला यायची, आणि तिथे फक्त मुलग्यांच्या किंवा फक्त मुलींच्या शाळांतली मुलं काहीशी पुढे दिसली. त्रिनिदादमधल्या एका अभ्यासात मात्र बहुतेकांना फायदा झालेला दिसला नाही. मग ‘सिद्ध’ काय झालं? आपल्या राज्यात २०२४ च्या दहावीला ९७.२१ टक्के मुली पास झाल्या आणि ९४.५६ टक्के मुलगे. यातल्या बहुसंख्य मुली मुलग्यांसोबतच शिकलेल्या आहेत.

मेंदूचा मुद्दा तर टिकतच नाही. मुलींना गणित वेगळ्या पद्धतीने शिकवावं, असं सांगणारा भक्कम पुरावा मेंदूच्या अभ्यासातून मिळालेला नाही.

सुरक्षिततेची काळजी मात्र खरी आहे, तिला उडवून लावता येणार नाही. पण छेडछाड रस्त्यावर, स्टँडवर, भरलेल्या रिक्षातही होते. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगारांची घरकुल वसाहत आहे; तिथून मुलीला शहरातल्या मुलींच्या शाळेत धाडलं, तर हाच रस्ता लांबतो. बिहारमध्ये २००६ पासून मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, तेव्हा माध्यमिक शाळेतली त्यांची संख्या जवळपास एक तृतीयांशाने वाढली. शाळेत मुलगे होते तसेच होते, अंतर तेवढं आवाक्यात आलं.

आणि तो ‘दहादा विचार’ कुठे होतो, तेही बघा. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय, शेजारी आठवीत जाणारी लेक पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने तेंदूची पानं कापतेय. ती घरी राहिली तर रोजच्या विड्या वाढतात. अशा घराला शाळा थांबवायला एवढं निमित्त पुरतं, आणि मग स्थळं यायला लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली.

मुलींच्या शाळांशी माझं भांडण नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा बहुतेक मुलींना दुसरं दार उघडंच नव्हतं. आजही लेकीला तशीच शाळा हवी असेल आणि ती जवळ असेल, तर जरूर घाला. नसेल, तर जवळच्या शाळेत स्वतः जाऊन बघा. मुलींच्या संडासाला कडी आहे का, नळाला पाणी येतं का, बाई किती आहेत, तक्रार कोण ऐकतं? हजेरीत आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली आणि वर्गात दोन वेगळ्या रांगा असतील, तर त्याबद्दलही मुख्याध्यापकांना विचारा. आणि तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर शेवटची ओळ खोडून पाठवा.