एक ओळ खोडायची होती

कोड खोडणं सोपं. काही मोडलं तर यंत्रच बोंब मारतं. डॉक्युमेंटेशनमधली ओळ खोडली की माणसं बोंब मारतात.

ओळ साधीच होती. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, त्याला सारखा पासवर्ड द्यायचा कंटाळा आला असेल तर त्याचा क्रेडेन्शियल हेल्पर (पासवर्ड लक्षात ठेवणारा मदतनीस) 'स्टोअर'वर ठेवा, आणि खाली कमांड. कंटाळा खरंच जातो, कारण गिट तुमचा पासवर्ड होम फोल्डरमधल्या एका फाइलीत जसाच्या तसा लिहून ठेवतं. दुसऱ्या युजरला ती फाइल उघडता येत नाही, एवढाच काय तो बंदोबस्त. तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ती खुशाल वाचू शकतो.

ओळ खोडून मी रिव्ह्यूला पाठवली. पहिलं उत्तर आलं, "पण चालतंय की!" यावर कोण काय बोलणार? दुसऱ्याचं म्हणणं, राहू द्या, खाली धोक्याची सूचना टाका. सूचना वाचून कमांड कॉपी करायचा थांबला असा माणूस मी पाहिलेला नाही. (मी स्वतः तर सूचना वाचतच नाही.) तिसऱ्याने बेस६४ हे अक्षरं बदलून लिहायचं तंत्र सुचवलं. म्हणजे पासवर्डला खोट्या मिशा लावायच्या. त्या उपटायला किल्लीसुद्धा लागत नाही. मग मी 'कॅश' सुचवलं. ते पासवर्ड मेमरीत ठेवतं आणि आपणहून काही सांगितलं नाही तर ९०० सेकंदांत विसरतं. पंधरा मिनिटांत विसरणं हा दोष आहे, असं सर्वानुमते ठरलं.

अखेर मॅकची कीचेन, विंडोजचा क्रेडेन्शियल मॅनेजर आणि लिनक्सवरचं लिबसीक्रेट या पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयींवर समेट झाला. एका ओळीच्या जागी तीन परिच्छेद आले.

त्यांच्याच खाली लिहिलेलं दिसलं : 'विचारल्यावर गिटहबचा पासवर्ड टाका.' गिटहब ही कोड ठेवायची साइट; गिटवरून असा पासवर्ड घेणं तिने १३ ऑगस्ट २०२१ लाच बंद केलंय. तो सल्ला कधीचा मेला होता आणि कोणाला पत्ताही नव्हता. तोही खोडला. ब्रसुद्धा कोणी काढला नाही.

तिसऱ्या दिवशी नव्या सहकाऱ्याचा फोन. "सर, ती जुनी कमांड होती ना, तिचा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. फक्त शेवटचा शब्द कापला गेलाय. तेवढा सांगता का?"

मी म्हटलं, "कॅश."

सोळाव्या मिनिटाला त्याचा परत फोन आला.