राजपार्ट करणारा मामा ढोंगी कसा?

आठवडाभर आमच्या तीन ग्रुपांवर एकच फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: ‘हिपॉक्रिट’चा मूळ ग्रीक अर्थ नट, मुकुट हाही वेषच, म्हणून झाडून सगळे राजे ढोंगी. ज्याचं बोलणं-वागणं जुळत नाही तोही ढोंगी, आणि ढोंग्याच्या शब्दाला किंमत शून्य. शेवटी शेपूट: लोकशाहीचे गोडवे गाऊन शिवजयंती साजरी करणारे गोंयकारही त्यातलेच. खाली अंगठ्यांची रांग.

आधी नट. ग्रीकमध्ये ‘हिपोक्रितेस’ म्हणजे रंगमंचावरचा नट, हे खरं. पण बायबलातल्या शुभवर्तमानांत तोच शब्द, लोकांनी बघावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर प्रार्थना करणाऱ्यांना लावलाय, आणि आज आपण वापरतो तो अर्थ हा. शब्दाच्या जन्मपत्रिकेवरून माणसांवर आरोप ठेवायचे तर लग्नात जेवण रांधणाऱ्या महाराजांकडे राज्यकारभारही मागावा लागेल.

डिचोलीकडच्या आमच्या गावात जत्रेच्या नाटकात मामा वर्षानुवर्षं राजपार्ट करायचा. पहाटे नाटक संपलं की कानामागे गुलाबी रंग तसाच, खोट्या मोत्यांची माळ पिशवीत, आणि स्कूटरला किक. मंडपातल्या एकालाही तो खरा राजा वाटला नव्हता, मग फसलं कोण? ढोंगाला फसणारा लागतो. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतात, बगळा एका पायावर डोळे मिटल्यासारखा उभा असतो, तो माशांसाठी. ‘बगळ्याचं ध्यान’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना ग्रीक येत नव्हतं, पण फरक कळत होता.

बोलणं-वागणं जुळत नाही तो ढोंगी, हे तर अशोकालाच विचारावं. पहिल्या शिलालेखात तो जीवहत्या नको म्हणतो आणि तिथेच कबूल करतो: माझ्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच, दोन मोर आणि एक हरिण; हरिणही नेमाने नाही; पुढे तेही मारणार नाही. फॉरवर्डवाल्यांच्या हिशेबाने चोर रंगेहाथ सापडला! पण आपली उणीव स्वतःच दगडावर कोरून ठिकठिकाणी जाहीर करणारा माणूस लपवतोय काय? तो कमी पडलाय, एवढंच.

खरं ढोंग बघायचंय तर पोर्तुगालचा पाचवा दों जुआंव घ्या, कारकीर्द 1706 ते 1750. त्याच्याच काळात, 1736 साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाने, ख्रिस्ती झालेल्या गोंयकारांसाठी फर्मान काढलं. दारात तुळस नको. लग्नात जुन्या चालीची गाणी नकोत. भातसुद्धा हिंदूंसारखा बिनमिठाचा शिजवायचा नाही. फर्मान न्यायासनाचं, पण छत्र राजाचं. 1748 मध्ये पोपने या राजाला ‘परमश्रद्धावान’ असा किताब दिला. आणि महाराजांचं मन रमायचं लिस्बनजवळच्या ओदिवेलासच्या मठात, माद्रे पाऊला नावाच्या जोगिणीकडे. तिच्यापासून झालेला मुलगा जुझे 1758 मध्ये पोर्तुगालचा मुख्य इन्क्विझिटर झाला! लोकांच्या हंडीतलं मीठ तपासणाऱ्या खात्याचा वरिष्ठ.

आता ‘किंमत शून्य’. बेल्जियमचा दुसरा लिओपोल्ड याच्या राजधानीत, ब्रुसेल्सला, 1889-90 मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध परिषद भरली; त्याच राजाच्या खासगी मालकीच्या काँगोत वेठबिगारीने रबर गोळा होऊ लागलं. बायकांना ओलीस ठेवून नवऱ्यांना जंगलात धाडत. माणूस पक्का ढोंगी. म्हणून गुलामगिरी चांगली ठरली का? उलट तोंडाने परोपकार बोलून बसल्यामुळेच टीकाकारांना त्याला त्याच्याच मापाने मोजता आलं, आणि 1908 मध्ये काँगो त्याच्या हातून गेला.

राहिलं शेपूट. गोव्यातल्या नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी पुन्हा उभं करायला लावलं. त्याची आठवण ठेवणारा माणूस पणजीत सिंहासन मांडा म्हणत नाही, मतदानाच्या रांगेत उभा राहतो.

आणि हो, हा फॉरवर्ड मला ज्याने पाठवला त्याच्या डीपीवर महाराजांचाच फोटो आहे. त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. बिचाऱ्याने न वाचताच पुढे ढकलला असणार.