लाल वायर ग्राउंडला लावणाऱ्यांनो
एकदा सांगितलं, दहादा सांगितलं, फोटो काढून पाठवला की लाल वायर पाच व्होल्टला आणि काळी ग्राउंडला (म्हणजे शून्य व्होल्टला), पण नाही, आमच्या रोबो स्पर्धेच्या टीममधल्या महाभागांना हाताला येईल ती जंपर वायर खुपसायची असते. लाईन फॉलोअरच्या, म्हणजे काळी पट्टी बघत चालणाऱ्या आमच्या रोबोच्या, पोटाखाली टीसीआरटी५००० चे (इन्फ्रारेडने काळं-पांढरं ओळखणारे) ५ सेन्सर, प्रत्येकाच्या ३ वायरी म्हणजे १५, आणि काल बघतो तर ग्राउंडच्या चार पिवळ्या नि एक लाल! बसा आता शोधत.

बरं शोधून तरी सुख आहे का. मधल्या सेन्सरचं रीडिंग टेबलावर एकदम झक्कास, काळ्या पट्टीवर ८५०, पांढऱ्यावर ९०, आणि ट्रॅकवर ठेवून मोटर फिरली रे फिरली की ४००, ६१०, ३२०, वाट्टेल ते. दोन तास कोडमध्ये डोकं घातलं, थ्रेशोल्ड (काळं की पांढरं ते ठरवायचा आकडा) बदलला, उन्हात पण इन्फ्रारेड असतं म्हणून खिडकीचे पडदे ओढले, आणि शेवटी निघालं काय तर ब्रेडबोर्डवरची (वायरी नुसत्या भोकांत खुपसायची पाटी) ग्राउंडची वायर ढिली. बोट दाबून धरलं की शहाण्यासारखं चालतंय, सोडलं की तमाशा.

अरे सोल्डर करा ना, डाग देऊन पक्क्या करा वायरी! सोल्डरिंग आयर्न लॅबमध्ये धूळ खात पडलंय. "फायनलच्या आधी करू" म्हणे. मागच्या वेळी पण हेच म्हणाले होते आणि रोबो पहिल्याच वळणाला न वळता सरळ जजच्या खुर्चीखाली.

आज परत दोन वायरी निघाल्यात. कोणीतरी वर सेलोटेप लावून ठेवलाय.