स्त्री: होय, इतर: निरंक

अभिनंदन! मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात लिंगभाव व विविधता विश्लेषणाचे (योजना बायकांना आणि इतर गटांना कितपत पोचतात ते तपासण्याचे) नोडल अधिकारी म्हणून तुमची नेमणूक झाली आहे. म्हणजे ज्या बैठकीत नावे ठरली, त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात. घाबरण्याचे कारण नाही. १९९४ साली देशात सगळ्यांच्या आधी महिला धोरण आणणारे राज्य आपले. २०२४ मध्ये चौथे आले. तीस वर्षांत चार धोरणे पचवलेल्या यंत्रणेला तुमचे एक प्रपत्र जड जाणार नाही.

सुरुवात पैशापासून करा. केंद्राच्या अर्थसंकल्पाला २००५-०६ पासून लिंगभाव विवरण जोडलेले असते. त्यात एका भागात निव्वळ बायकांसाठीच्या योजना येतात, तर दुसऱ्यात किमान ३० टक्के तरतूद बायकांसाठी असलेल्या. तुमचा जीव या दुसऱ्या भागात. जेटीचे काँक्रिटीकरण घ्या. जेटीवरून बायका चालतात का? चालतात. डोक्यावर पाटी असते, म्हणजे जेटीवर भारही त्यांचाच जास्त. लिहून टाका ३० टक्के. लेखाधिकारी आक्षेप घेणार नाहीत, त्यांनाही असलेच प्रपत्र भरायचे आहे.

लाभार्थी महिला शोधत फिरायची गरज नाही, त्या घरबसल्या मिळतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला अनुदान ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. हा वीस टक्क्यांचा हिशोब कोकणी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. प्रस्ताव आपोआप सौभाग्यवतींच्या नावे येऊ लागतात. फोटोत बाई नव्या बोटीसमोर, यजमान चौकटीबाहेर. इंजिन किती अश्वशक्तीचे असे कोणी विचारलेच तर ते तिथूनच सांगतील. उरलेल्या रकमेचे कर्जही बाईंच्याच नावावर चढते, पण त्याचा रकाना नाही. तुम्ही तो नव्याने आखू नका.

मग महिलांशी सल्लामसलत. ही तालुक्याच्या सभागृहात, सकाळी अकराला ठेवावी. मागे मालवणकडे अशाच एका बैठकीचे निमंत्रण वाटायला गेलेल्या शिपायाला बाजारातल्या एका आजीने ऐकवले होते, "मिटिंग अकराक ठेवलास, बाजारय अकराकच. आता नुस्ता काय तुमी इकतलास?" नुस्ता म्हणजे मासे. शिपाई बिचारा सुरमई घेऊन परत आला. तुम्ही इतिवृत्तात 'महिलांचा प्रतिसाद अल्प' एवढेच लिहा. कोरम सरपंचबाईंच्या यजमानांनी भरतो. बोलतातही तेच, सही तेवढी बाईंची घ्या.

एक पथ्य मात्र कडक पाळा. लिलावाच्या वेळी बंदरावर फिरकू नका. बोट लागते, माशांचे टप खाली उतरतात आणि तिथून पुढचे जवळजवळ सगळे बायकांच्या अंगावर पडते. बांगडा वेगळा, सौंदाळा वेगळा, कोळंबी आकाराप्रमाणे निवडायची, बर्फ फोडायचा, भाव पाडून घ्यायचा, वाटे लावायचे. बर्फाच्या पाण्याने बोटांची टोके पांढरी पडून चिरलेली असतात, त्याच बोटांनी कमरेच्या पिशवीतल्या ओल्या नोटा मोजल्या जातात. एकदा हे पाहिले की डोक्यात नसते प्रश्न येतात. डिझेलच्या कराचा परतावा बोटीला मिळतो, मग पाटी बाजारापर्यंत नेणाऱ्या टेम्पोचे भाडे कोणाच्या खात्यात? लिलावात माल उचलायला सकाळी लागणारे पैसे ती कोणाकडून घेते, आणि संध्याकाळी किती परत करते? बंदरावरच्या महिला प्रसाधनगृहाला कुलूप का, आणि चावी पुरुषाच्या खिशात का? असे प्रश्न पडले की योजना बदलावी लागते. आणि विश्लेषणाचा हेतू योजना बदलणे हा असता, तर तसे स्वतंत्र परिपत्रक निघाले असते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या दोन महिन्यांच्या रकान्यात 'काम नाही' लिहा. आठवडी बाजारात प्लास्टिकखाली बसून सुका बांगडा, सुकट आणि गोलमा विकणाऱ्या बायका तुम्हाला दिसतील, पण त्या बोट नव्हेत.

विविधतेचे काम त्याहून सोपे. गाबीत, खारवी, दालदी, भंडारी, कोळी, सगळ्यांना 'मच्छीमार' म्हटले की एका ओळीत भागते. बोटीवर नेपाळचा खलाशी असतो, कर्नाटकातला असतो. तो बोटीत बसतो, रकान्यात बसत नाही, तेव्हा सोडून द्या. तृतीयपंथीयांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ओळख दिली म्हणून प्रपत्रात 'इतर' आले. तिथे निरंक लिहा, पाहणीला निघण्यापूर्वीच लिहिलेत तर वेळ वाचतो. दिव्यांगत्वाचे प्रकार २०१६ च्या कायद्याने २१ झाले, तुमच्या कार्यालयाचा मजला मात्र अजून दुसराच आहे. खाली जांभ्याच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प आहे ना? त्यावर तुळशीच्या कुंड्या छान दिसतात.

अंतर्गत तक्रार समितीचा फलक हवाच, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. कपाटामागे लावला तरी लावला.

एवढे करूनही एक धोका उरतो. कंत्राटी म्हणून आलेली एखादी मुलगी हे सगळे खरे समजते. पहाटे उठून बंदरावर जाते, बायकांशेजारी टपावर बसते, वही भरून आणते. तिच्यावर रागावू नका. 'उत्तम' असा शेरा मारा, आणि प्रपत्रातला रकाना एका ओळीचा असल्याने बारा पाने त्यात मावत नाहीत, तरी गोषवारा दहा शब्दांत सादर करावा, असे कळवून फाइल तिच्याकडेच परत पाठवा.